तीस नंबरचा गट

बाळांनो, आमच्या सोसायटीत इमारती दोन आणि इंटरनेट एकच. ते पुढच्या इमारतीत येतं आणि एका जाड वायरीने आमच्या मागच्या इमारतीत पोचतं. दोन्हीकडे भिंतीवर एकेक स्विच आहे, म्हणजे पुष्कळ भोकांची पेटी. प्रत्येक घराची वायर त्यातल्या एका भोकात.

एकदा अध्यक्षांच्या घरची जन्मपत्रिका चुकून एका भाडेकरूच्या प्रिंटरमधून छापून निघाली, आणि अध्यक्षांना सुरक्षेची काळजी लागली. सभेत ठरलं: मालक दहा नंबरच्या गटात, भाडेकरू वीसच्या. पेट्या त्याच, वायरी त्याच, पण गटांचा एकमेकांशी संबंध नाही. माणसांना वेगळं बसवायचं म्हटलं की आमच्या सभेला कोरम लगेच मिळतो. मीही मागे राहिले नाही. ज्येष्ठांसाठी तीस नंबरचा गट हवा, ही सूचना माझीच, सुवाच्य अक्षरात, आम्हा चौघांच्या यादीसह. टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी व्हिडिओ पाहून गट स्वतःच पाडले. पुढच्या पेटीचा पासवर्ड त्यांच्या डोक्यात राहिला, मागच्या पेटीचा माझ्या वहीत.

दुसऱ्या दिवशी मागच्या इमारतीतल्या आम्हा चारही ज्येष्ठांचं इंटरनेट बंद. नेमकं त्याच संध्याकाळी सातला तुमच्यातल्या धाकट्याचं तिकडे शाळेत मराठी भाषण होतं, आणि अडलास तर मी इथून व्हिडिओ कॉलवर सांगेन, असा शब्द मी त्याला दिला होता. मोबाइलला माझ्या घरात रेंज नाही. नागपूरच्या सदर भागातल्या एका दुकानातून तंत्रज्ञ बाई बोलावली. माझ्या वहीतला पासवर्ड टाकून तिने पेटी उघडली.

"आजी, तुमच्या घरून निघालेल्या प्रत्येक पुडक्यावर ही पेटी तीसची चिठ्ठी लावते. जाड वायरीतून सगळ्यांचीच पुडकी जातात, मंग पलीकडची पेटी चिठ्ठी वाचून वळखते, कोणतं कोणाचं."

"मग अडलं कुठे?"

"त्या पेटीले तीस नंबर सांगितलाच नाही कोणी. दहा अन् वीस तेवढे आत घेते. तुमचं पुडकं दारातच फेकून राहिली ते."

घरच्या लँडलाइनवरून अध्यक्षांना फोन लावला. ते लग्नाला गावी, मागे बँड. "काकू, पासवर्ड फोनवर सांगता येत नाही. सुरक्षा! उद्या येतोच मी."

बाई म्हणाली, "ही पेटी तर आपल्या हातात हाये. तुम्हाले भाडेकरू करून टाकू का?"

खरं सांगते, क्षणभर अंगावर आलं. मालकीचं घर, दिवाणखान्यात सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट फ्रेममध्ये.

"किती वाजले?"

"साडेसहा."

"करा भाडेकरू."

तिने माझ्या भोकाचा तीस पुसून वीस केला. दोन मिनिटांचं काम. "काहून घाबरता, आजी? चिठ्ठी घरात शिरायच्या आधीच निघून जाते. तुमच्या कम्प्युटरले पत्ताबी नाही लागत."

सातला धाकटा स्टेजवर दिसला. मधेच अडखळला, कॅमेऱ्याकडे वळून कुजबुजला, "आजी, पुढे?" मी नागपुरातून ओळ सांगितली. तुमचा अख्खा हॉल हसला, पण भाषण पूर्ण झालं.

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष दारात हजर. "काकू, पलीकडे तीस टाकला बरं का मी. या आता परत."

"राहू द्या. इथे बरं चाललंय."

"अहो, पण मालक असून भाडेकरूंत? कसं दिसतं ते!"

"माझा नातू स्पष्ट दिसतो," मी म्हटलं.

बाकीच्या तिघा ज्येष्ठांनीही त्याच संध्याकाळी भाडेकरू होण्याचे अर्ज दिले, दोन प्रतींत. तीस नंबरचा गट आता एकदम सुरळीत चालू आहे. त्यात कोणीच नाही.