सासुरवाडीचा व्हॉल्व

गोदावरीचं पाणी शहागडच्या बाजूला उचलून गावागावांत पोचवणाऱ्या योजनेवर मी व्हॉल्वमन आहे. किल्ली फिरवली की गावाला पाणी, उलटी फिरवली की मला शिव्या. त्यातलं एक गाव माझी सासुरवाडी. तिथल्या लोकांना वाटतं, जावई आपला म्हणजे नदीच आपली.

खरं तर त्या गावातल्या शेवटच्या गल्लीत पाणी पोचतच नव्हतं. तिथल्या एका वयस्कर खालांनी मला टाकीखाली गाठलं. "बेटा, जुम्मे को लडकी का निकाह है. मेहमान आएंगे. एक दिन तो नल को पानी आने दो."

मी मोठ्या तोंडानं "बिलकुल" म्हणून बसलो. पाणी कुठं मुरतंय हे मला पक्कं ठाऊक होतं. माझ्या सासऱ्यांच्या अंगणात. नळाला थेट मोटर जोडून ते अख्ख्या लाईनीचं पाणी ओढायचे. त्यांना तोंडावर सांगायची हिंमत माझ्यात नव्हती, अजूनही नाही.

मग योजनेवरची माणसं अशा वेळी करतात तेच मी केलं. वायरमनशी आमची दोस्ती असतेच. पाणी सुटलं की त्यानं तेवढ्यापुरती गावाची लाईट घालवायची, म्हणजे साऱ्या मोटरी गप्प. शुक्रवारी गावाची पाण्याची पाळी होतीच. सकाळी व्हॉल्व पूर्ण उघडला, वायरमनला फोन लावला आणि साळसूद चेहऱ्यानं सासुरवाडीत पोहे खायला जाऊन बसलो.

पहिल्याच घासाला पंखा थांबला.

"जावईबापू, तुमचं पाणी आलं की लाईट कशी काय जाऊन राह्यली?" सासऱ्यांनी विचारलं.

"मामा, विजेचं खातं वेगळं, आमचं वेगळं," मी म्हणालो आणि पोह्यांतला शेंगदाणा चावला.

सासरे दोनदा मोटरीचं बटण दाबून आले. मग लाईट आपलीच गेली की सगळ्यांची, हे बघायला चपला घालून निघाले ते थेट शेवटच्या गल्लीकडं. आता सासरे सगळं ओळखणार आणि बायको माहेरच्या बाजूनं उभी राहणार, हे मला दिसायला लागलं.

अर्ध्या तासानं ते परत आले. चेहरा पडलेला.

"त्या म्हातारीच्या नळाला ही धार लागली! पिंपं भरली, लग्नाच्या स्वयंपाकाच्या देगी घासून झाल्या. निम्मं गाव बघून राह्यलं तिथं."

"चांगलंच झालं की, मामा."

"काय चांगलं? मी अख्ख्या गावाला सांगितल्तं, आमच्या जावयाला व्हॉल्वच फिरवता येत न्हाई, म्हणून तिकडं पाणी जात न्हाई!"

मला हसावं की रडावं कळेना. राग मात्र खराखुरा आला. या गावात मी ऐटीत मोटारसायकलवरून फिरायचो, आणि लोक मागं हेच बोलत होते तर!

"मंग आता?" मी विचारलं.

"मंग काय! तुमची पक्कड द्या जल्दी. लाईट यायच्या आत मोटर काढतो. न्हाई तर पुढच्या पाळीला लोकं मला विचारतील, व्हॉल्व तर ठीक हाय, मंग पाणी जातं कुठं?"