बहात्तर भोकांची चकती

मी मूळची इंदापूरची. डिप्लोमा झाल्यावर बारामतीच्या एमआयडीसीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये नोकरी लागली आणि मी जळोचीला मावशीकडे राहायला आले. काम तपासणीचं. मशीनवरून उतरलेला प्रत्येक नग मोजायचा, बरोबर असला तर हिरवा ठिपका, चुकला तर लाल. आठ पुरुषांच्या कामावर बावीस वर्षांची मुलगी लाल ठिपका देते, हे सुरुवातीला कुणालाच रुचलं नव्हतं. तात्यांना तर अजिबात नाही.

तात्या आमचे सर्वांत जुने कारागीर. मोरगावकडचे. लहानपणी वडिलांच्या मेंढरांमागे हिंडलेले, पुढे साखर कारखान्यात फिटरच्या हाताखाली लोखंडकाम शिकलेले. मी त्यांच्या नगावर पहिला लाल ठिपका दिला, तेव्हा त्यांनी तो नग माझ्या टेबलावर परत आणून ठेवला. "पुन्यांदा मोज," म्हणाले. मी पुन्हा मोजला. पुन्हा लालच. त्यानंतर आठवडाभर ते आपले नग दुसऱ्याच्या हातून माझ्याकडे पाठवत राहिले.

एके दिवशी दक्षिणेकडून एक इंजिनिअर आले. किडकिडीत, गळाबंद शर्ट, हिंदी अडखळत बोलणारे. हलके उपग्रह वर नेणाऱ्या एका छोट्या रॉकेटचं इंजिन त्यांच्याकडे घडत होतं, अजून चाचणीपुरतंच. त्या इंजिनासाठी तळहाताएवढी एक चकती हवी होती. तिला बहात्तर भोकं, सुईच्या नेढ्याएवढी बारीक आणि तिरपी. दोन-दोन भोकांची जोडी. एकातून इंधन येणार, दुसऱ्यातून दुसरा द्रव, आणि बाहेर दोन्ही धारा एकमेकींवर आदळणार.

"आदळल्या की आपोआप पेट घेतात," मी तात्यांना मराठीत सांगितलं.

"काडीबिगर?"

"काडीशिवाय."

तात्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. मग मालकांना म्हणाले, "ही चकती मीच करनार. दुसऱ्या कुनाला हात लावू देऊ नगा."

भोकं पाडताना बारीक ड्रिल सारखी मोडायची. तात्या श्वास रोखून हँडल खाली आणायचे आणि भोक आरपार गेलं की मोठ्यानं "हां!" म्हणायचे. सगळ्या वर्कशॉपनं ते 'हां' मोजायला सुरुवात केली. बहात्तरावा झाला तेव्हा वेल्डरनं ताटलीवर पाना वाजवला.

मी चकती मोजली. प्रत्येक भोक, प्रत्येक कोन भिंगाखाली पाहिला. सगळं बरोबर. मी हिरवा ठिपका दिला, आणि तात्या महिन्याभरात पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसले.

मग पाण्याची चाचणी. द्राक्षबागेवर औषध मारायचा पंप मालकांनी आणला होता, तो मागच्या अंगणात चकतीला जोडला. पंप सुरू झाला, पाणी उडालं, पण एका बाजूला फवारा कलला. तिथल्या काही धारा एकमेकींना भेटतच नव्हत्या.

सगळे माझ्याकडे बघू लागले. हिरवा ठिपका माझा होता. माझे कान तापले. चकती घेऊन मी पुन्हा भिंगाशी बसले. मापं तीच, कोन तेच. डोळ्यांत पाणी येऊ लागलं तसे तात्या शेजारी स्टूल ओढून बसले.

"तुजं माप चुकलेलं न्हाय, पोरी. भोक बी चुकलेलं न्हाय. आतल्या अंगाला भोकाच्या तोंडाशी लोखंडाचं बारीक कुसळ ऱ्हायलं आसंल. औषधाच्या पंपाचं बी आसंच व्हतं."

"पण भिंगातून काही दिसत नाही, तात्या."

"दिसायचं न्हाय. हाताला लागंल."

ते कुंपणापाशी गेले आणि बाभळीचा लांब पांढरा काटा तोडून आले. मेंढराच्या खुरात काय रुतलंय ते असल्याच काट्यानं चाचपायची त्यांना लहानपणापासून सवय. स्टीलला ओरखडा काढेल एवढा तो कठीण नाही, पण टोक असं की बारीकशा कुसळालाही अडतं. डोळे मिटून ते एकेका भोकाच्या कडेवरून काटा फिरवू लागले. "हितं," ते म्हणाले. मी कागदावर खूण केली. "हितं बी." अशी सात भोकं निघाली. लाकडी काडीला पॉलिश लावून त्या कडा आम्ही दोघांनी आळीपाळीनं दिवसभर घासल्या.

दुसऱ्या दिवशी इंजिनिअरसाहेबांसमोर पंप सुरू केला. सगळ्या धारा जोडीजोडीनं भिडल्या आणि धुक्यासारखा गोल फवारा उभा राहिला, सगळीकडून सारखा. चैत्रातलं ऊन होतं. त्या फवाऱ्यात इंद्रधनुष्य पडलं. तात्यांच्या कारभारीणबाई डबा घेऊन आल्या होत्या, त्या सरळ फवाऱ्याखाली जाऊन उभ्या राहिल्या. "आगं बया, किती गार!" मग वेल्डर गेला, मालक गेले, शेवटी वही छातीशी धरून साहेबही भिजले.

ओल्या शर्टानंच ते माझा अहवाल वाचायला बसले. 'कडा तपासण्याचे साधन' या रकान्यापाशी थांबले. मी प्रामाणिकपणे लिहिलं होतं, बाभळीचा काटा.

"ये क्या है?" त्यांनी विचारलं. तात्यांनी खिशातून काटा काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. साहेबांनी स्वतः कडेवरून फिरवून पाहिला, पुन्हा पाहिला आणि हसत सुटले. रकाना त्यांनी खोडला नाही. जाताना चकतीबरोबर काडेपेटीभर काटेही मागून नेले.

पावसाळा सरता सरता मालकांच्या टेबलावरचा फोन वाजला, साहेबांचा. इंजिन पेटलं होतं, ठरल्या वेळेपर्यंत जळलं होतं आणि चकती शाबूत होती. मी ओरडतच बाहेर आले. तात्यांनी मशीन बंद केलं. ते नुसते "व्हय? व्हय?" करत राहिले. मग स्वतः सायकलवरून जाऊन पेढे घेऊन आले आणि पहिला पेढा माझ्या हातावर ठेवला.

संध्याकाळी मी मावशीला पेढा दिला.

"गेलं का गं तुमचं रॉकेट वर?"

"नाही. नुसतं इंजिन पेटवून पाहिलं. जमिनीला बांधून."

"बांधून? मग ते गेलंच नाही कुठं?"

"नाही गं. पण पेटलं!"

मावशीनं माझ्याकडे नीट बघितलं. मग म्हणाली, "बरं झालं बाई," आणि आणखी एक पेढा उचलला.