खरखरीखालचा आवाज

ये गं, मनानेच का होईना, अशी जवळ येऊन बस. आधी माझी बोलणी खा, मग चहा. नावडं काय परमुलूख आहे? मुलाकडे राहायला गेलीस, बरं झालं. पण इतकी वर्षं शेजारी राहून, सानपाड्याच्या आपल्या भजनी मंडळाकडे वर्षभरात एकदा तरी फिरकलीस? आणि हा रुसवा कशापायी, तर एका रेकॉर्डिंगपायी!

गोकुळाष्टमीला सोसायटीच्या हॉलमध्ये आपलं भजन झालं, माझ्या भाच्याने ते चांगल्या माइकवर टिपलं. दुसऱ्या दिवशी सगळ्याजणी आमच्या कॉम्प्युटरभोवती जमलो. पेटी ऐकू आली, टाळ ऐकू आले, माझा किनरा आवाज तर सगळ्यांच्या डोक्यावर. तू शेवटपर्यंत ऐकलंस, पोह्यांची बशी खाली ठेवलीस आणि म्हणालीस, "मी यात कुठेच नाही. इतकी वर्षं नुसती जागा अडवून बसले की गं."

आम्ही सगळ्या "छे छे" म्हणालो. पण मलाही तू ऐकू आली नव्हतीस, मग त्या "छे छे"त जोर कुठून येणार? त्यानंतर तू मंडळात आलीच नाहीस, आणि मग नावड्याला गेलीस.

इकडे आमचा सूर काही बसेना. पेटीच बिघडली असं ठरवून आम्ही पेटीवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, "पेटी ठणठणीत आहे, आजी." आम्ही दुसरा पेटीवाला शोधला!

मला मात्र तुझं ते वाक्य टोचत राहिलं. मुलीचे हेडफोन लावून ते भजन मी पुन्हा पुन्हा ऐकायला बसले. मागे सारखी खरखर, आणि माउस हलवला की किर्र किर्र. माउसचा आणि अभंगाचा काय संबंध? मला कोणी काही शिकवलेलं नाही, माउस धरायलाही माझी मीच शिकले. तसेच व्हिडिओ बघत बसले तेव्हा कळलं. कॉम्प्युटरच्या पोटात आवाजाचा एक भाग असतो, तो बिचारा सगळ्या तारांच्या गजबजाटात बसलेला. त्यांची कुरकुर त्याच्यात उतरते. वेगळं साउंड कार्ड बाहेरून जोडलं, की आवाज त्या गर्दीतून सुटतो.

सूनबाई म्हणाली, "आई, ऑनलाइन मागवा ना."

"माठ कधी न वाजवता घेतलाय का मी?"

"नाही. माठवाल्याचा चेहराही बघितलाय मी तेव्हा."

मग काय, पेनड्राइव्हवर भजन घेतलं, हेडफोन पिशवीत टाकले आणि गेले वाशीला. दुकानदार म्हणाला, "काकू, नातवाला गेमिंगसाठी ना? हे घ्या, सात स्पीकरचा इफेक्ट देतं."

"भाऊ, मला कान दोनच आहेत. हे भजन लावा."

पहिल्या कार्डावर ढोलकी अशी धमधमली की बस! तो खूश. "बेस बघा, काकू!"

"बेस आहे हो. पण आमच्या ढोलकीवाल्या वहिनींचा खांदा धरलाय, त्या एवढ्या जोरात वाजवतच नाहीत."

दुसऱ्यावर टाळ कानात सुईसारखे घुसले. तिसरं काडेपेटीएवढं, ना दिवा ना डौल. ते लावलं आणि मला वाटलं, बंदच पडलं. काही आवाजच नाही. खरखर नाही, किर्र नाही. मग त्या शांततेत कुणाची तरी बांगडी वाजली. कुणीतरी श्वास घेतला. अगं, आपल्या हॉलचा तो कुरकुरणारा पंखा फिरत होता! मी वाशीच्या दुकानात स्टुलावर बसलेली, आणि हॉल माझ्याभोवती उभा राहिला.

अभंग सुरू झाला. माझा आवाज आला, आणि त्याच्या खाली, अगदी खाली, तू.

अंगावर काटा आला बघ. प्रत्येक ओळीला तू आमच्याआधी, पापणी लवायच्या आत, सूर धरत होतीस आणि आम्ही सगळ्या येऊन तुझ्यावर टेकत होतो. तिसऱ्या कडव्यात मी वर जाऊन भरकटले, तू जागची हलली नाहीस. तू होतीस म्हणून मी परत आले. इतकी वर्षं शेजारी मांडी घालून बसले, आणि हे मला कळायला एवढीशी डबी लागली.

मी पदराने डोळे पुसतेय हे बघून दुकानदार घाबरला. "काकू, काय झालं? पाणी देऊ?"

मी हेडफोन त्याच्या कानाला लावले. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "ह्या खालून गाणाऱ्या बाई कोण?"

मी त्याला तुझ्याबद्दल एक अक्षर सांगितलं नव्हतं हं!

ते कार्ड घेतलं. पण भजन तुला मोबाइलवर पाठवणार नाही. त्या चिमुकल्या स्पीकरवर तू परत हरवशील आणि परत रुसशील. कार्ड जोडून ठेवलंय, हेडफोन खुंटीला आहेत. या मंगळवारी ये, भजनाच्या तासभर आधी. आधी तू स्वतःला ऐक, मग आपण खाली हॉलमध्ये जाऊ. पेटीवाल्याला आता तिसऱ्यांदा बोलवायला लावू नकोस, बाई.