शेवंतीबाईंचं यू

लालबागच्या मसाल्याच्या बाजारात शेवंती घाडी गिऱ्हाइकांना मिरच्या निवडून देतात. कुठल्या मिरचीला रंग आणि कुठलीला तिखटपणा, हे एका वाक्यात सांगतात. दुसऱ्या वाक्यात घासाघीस करणाऱ्याला गप्प बसवतात. बोलताना अडखळणं त्यांना माहीत नव्हतं. मुलीचं, दर्शनाचं लग्न ठरायला आलं आणि त्या अडखळू लागल्या.

मुलगा वैभव चांगला होता. अडचण त्याच्या बापाची होती. दौलत राऊळ आणि शेवंतीबाई डिलाईल रोडच्या एकाच चाळीत, एकाच मजल्यावर वाढले. कळायला लागल्यापासून त्या त्याला "दौल्या" म्हणत आल्या. पण आता दौल्या मुलाकडचा झाला होता, आणि व्याह्याला अरेतुरे करत नाहीत. त्यात त्याची थोरली बहीण कमलअक्का. दौलतची बायको वारल्यापासून त्या घरात तिचाच शब्द चाले. "बैठकीत आमच्या माणसाचा मान राहिला नाही, तर मी चहाला हात न लावता उठेन," असा तिचा निरोप आला. कमलअक्का पूर्वी एका बैठकीतून अशी उठली होती. ते लग्न झालं नाही.

शेवंतीबाईंनी मिरच्यांची देठं काढता काढता "दौलतराव, तुम्ही" असं म्हणून पाहिलं. दर वेळी हसू फुटलं.

तोडगा दर्शनाच्या ऑफिसातून आला.

"आमच्याकडे सगळ्यांना यू."

"सायबाला?"

"यू."

"शिपायाला?"

"त्यालाही यू."

"मग भांडण लागलंय हे कळतं कसं?"

"मेल येतो. एचआरला कॉपी असते."

शेवंतीबाईंनी यू घेतलं. पण ते वाटलं तेवढं सोपं नव्हतं. "यू चहा घेणार?" हे जमलं, 'घेणार' लहानथोरांना सारखंच. "यू बस" म्हटलं की मात्र दौल्या, आणि "यू बसा" म्हटलं की व्याही. इंग्रजी शब्दामागे उभं राहून मराठी क्रियापद चहाडी करायचं. तेव्हा बसायला सांगायचंच नाही, खुर्ची दाखवून "इथे जागा आहे" म्हणायचं, असं ठरलं.

बैठकीत सुरुवात उत्तम झाली. "इथे जागा आहे." "यू पोहे घेणार?" "यू लिंबू पिळणार?" कमलअक्का ऐकत होती आणि समाधानाने मान हलवत होती. दौलतचा चेहरा मात्र उतरत गेला. शेवंती आपल्याशी परक्यासारखी वागते आहे, मुलगी ऑफिसात लागल्यावर हिला शिंगं फुटली, असं त्याला वाटलं. हॉलचा विषय निघाला तसा तो ताठ बसला आणि त्याने हात जोडले.

"विहीणबाई, तुम्ही म्हणाल तसं. आम्ही आपली साधी माणसं."

"'तुम्ही' कोणाला म्हणतोस रे, दौल्या?"

दर्शनाने डोळे मिटून घेतले. कमलअक्काने कप खाली ठेवला.

दौलत मोठ्याने हसला. "आली बाबा मराठीत! मला वाटलं, हिच्याशी बोलायला क्लास लावावा लागतो."

"तू गप रे," कमलअक्का म्हणाली. ती हसली नव्हती. "घरात काय म्हणायचं ते म्हणा. पण लग्नाला गावची माणसं येणार. त्यांच्यासमोर दौल्या?"

"त्यांच्यासमोर यू," शेवंतीबाई म्हणाल्या.

कमलअक्काने दर्शनाकडे पाहिलं. "त्यात मान असता ना गो?"

"असतो, आत्या. आमच्या डायरेक्टरना सगळे यूच म्हणतात."

तेच यू शिपायालाही असतं, हे दर्शनाने सांगितलं नाही.

"मग ह्याला एकट्याला कशाला?" कमलअक्का म्हणाली. "मी थोरली आहे."

"यू अजून चहा घेणार, अक्का?" शेवंतीबाईंनी विचारलं.

कमलअक्काने कप पुढे केला.