मागच्या जिन्यावरची घंटी

मी विज्ञान शाखेची विद्यार्थिनी, आमच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता आणि हे लिहितानाही नाही... निदान मला तसं वाटतं.

माझे बाबा कोलकात्यात, खिदिरपूरच्या एका केंद्र सरकारी कार्यालयात शिपाई आहेत. ती दुमजली इमारत म्हणजे पूर्वी बंदरावरच्या इंग्रज साहेबाचा सरकारी बंगला. आता वरच्या बेडरूममध्ये प्लायवूडचे आडोसे घालून तीन सेक्शन बसवलेत. मागे लोखंडी गोल जिना आहे – साहेबाच्या नोकरांसाठी केलेला. पुढच्या जिन्यावरून जायला कुणाचीच मनाई नाही, तरी बाबा मागूनच ये-जा करतात. आम्हालाही तेच सांगतात.

यंदा शेवटच्या सेमिस्टरची तोंडी परीक्षा होती, दुपारची. जाता जाता बाबांना डबा दिला आणि मागच्या जिन्याने उतरू लागले. एका मजल्याचा जिना, पण संपेचना. प्रत्येक वळणावर तेच हिरवं दार आणि दारामागे कुणीतरी घंटी वाजवतंय. उलटी वर पळाले, तरी तेच दार. फोनला रेंज नाही. परीक्षा चुकणार म्हणून रडू फुटलं. घंटी थांबत नव्हती. आमच्याकडे दाराची बेल वाजली तरी बाबा भरल्या ताटावरून अर्धे उठतात... तसंच माझ्या तोंडून निघून गेलं, "आले साहेब."

घंटी थांबली. दार ढकललं, तर आत बाबांचाच सेक्शन. माणसं जेवत बसलेली.

"पवारदांची मुलगी ना?" एक बंगाली बाई हिंदीत म्हणाल्या. "बाबांच्या जागेवर रुजू झालीस की काय?"

सगळे हसले. बाबा हसले नाहीत. पुढच्या जिन्याने ते माझ्यामागून फाटकापर्यंत आले.

"घंटी वाजली?"

मी मान हलवली.

"ओ दिलीस?"

"हो."

त्यांनी फाटकाची कडी काढली. "मीपण दिली होती, पहिल्याच दिवशी. तेव्हापासून साताऱ्याला बदली मागतोय..." मग म्हणाले, "पळ, परीक्षा चुकेल. आणि परत इथं यायचं नाही."

परीक्षा गाठली, पासही झाले. जिन्यावर मला भास झाला असेल, पण मग बाबांचं काय?

पुढच्या आठवड्यात एम.एस्सी.साठी पुण्याला निघालेय. काल बाबांना म्हटलं, "नोकरी सोडा, तुम्हीपण चला."

"विचारून बघतो," ते म्हणाले.

कुणाला, ते विचारायचा मला धीर झाला नाही.