मन्मथआप्पाशेजारची जागा

घाटनांदूरच्या शिवकांताची पिठाची गिरणी होती. चौथीपर्यंत ती माझ्याच वर्गात. गणिताला मी तिच्या पाटीत बघायचो, हे सांगायला आता हरकत नाही. पुढं तिचा नवरा मन्मथआप्पा माझा जिवाचा दोस्त झाला. गिरणीवर बसली की ती पायापासून डोक्यापर्यंत पांढरी. मी म्हणायचो, "शिवकांता, तुझा भस्माचा खर्च वाचला की गं."

"राधाकिशन, तू दळण पायलीचं आणतू अन् तोंड खंडीभर चालवतू."

आप्पा परळीच्या दवाखान्यात तीन आठवडे पडून होता, तिथंच गेला. त्या दिवसांत भावकीतलं कुणी फिरकलं नाही. ताराबाई नावाची एक नर्स मात्र ड्यूटी संपली तरी शिवकांताजवळ बसून राहायची. ताराबाई ख्रिस्ती. पुढं दर रविवारी गिरणीला कुलूप लावून शिवकांता पॅसेंजरनं परळीला जायची, ताराबाईंच्या घरी प्रार्थनेला. पण रोज सकाळी गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय चहाला तोंड लावायची नाही.

आप्पाला लिंगायतांच्या भूमीत त्यांच्या रीतीनं बसवून समाधी दिलेली. शेजारी एक जागा मोकळी होती. तिकडं बोट करून शिवकांता म्हणायची, "ही माझी." जगाकडं तिचं एवढंच मागणं होतं.

तिचा दीर केदारनाथ. त्या सुमारास त्याच्या अंगात धर्म फार चढला होता. भर गिरणीवर येऊन त्यानं विचारलं, "वहिनी, किती देव पाळायलाव?"

"भावजी, एकाच गिरणीत ज्वारी दळती अन् गहू बी दळतू. गिरणी कुठं तक्रार करती?"

दळणाला आलेल्या बाया हसल्या. केदारनाथला ते हसू लई झोंबलं. "परळी बंद करा, न्हाईतर आप्पाशेजारी जागा न्हाई," असं बजावून तो गेला.

परळीचे पाळकही काही कमी नव्हते. म्हणाले, "बाई, गळ्यातलं ते काढा, मग बाप्तिस्मा देऊ."

ही म्हणाली, "सव्वा महिन्याची असताना बांधलंय. ते ठेवून मला घेत असताल तर घ्या."

पाळकांनी तिला घेतलं नाही. गावानं मात्र बाई बाटली असं धरून दळण बंद केलं. तिनं कुणाचंच ऐकलं नाही. रिकाम्या गिरणीचा पट्टा पुसत बसायची.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात एका पहाटे ती झोपेतच गेली. केदारनाथच्या धाकानं शेजारचं कुणी आत येईना. मी आणि माझी बायको सत्यभामा, आम्ही दोघंच. एसटीडीवरून तिच्या लेकीला, शिवकन्येला, उमापूरला कळवलं. मग आमच्या घरी करतात तसं तिला सरळ झोपवलं, पाय जुळवून अंगठे बांधले, चादर घातली. यांच्यात बसवून पुरतात हे मला ठाऊक होतं. पण जीव गेल्या गेल्या बसवावं लागतं, हे कुठं ठाऊक?

केदारनाथ दारातच उभा होता. त्याला ठाऊक होतं. "आधी भावकीची बैठक," एवढंच तो म्हणाला.

दिवसभर बैठक चालली. दुपारी कुठून तरी बातमी लागून परळीहून पाळक जीप घेऊन आले. "आम्ही नेतो. पण ते लिंग आमच्या दफनभूमीत येणार नाही." चारच्या एसटीनं शिवकन्या आली. तिनं पाळकांना हात जोडले, "तसंच माघारी जा."

शेवटी लिंगायतांचे गुरू, म्हातारे जंगम महाराज, काठी टेकत आले. चादर सारून गळ्यात बघितलं. "लिंग हाय. आपली हाय. आप्पाजवळ खड्डा घ्या."

केदारनाथनं मान डोलावली. "घ्या. पर रीतीनं बसवूनच."

चौघं खड्ड्याला लागले. मला इतका आनंद झाला की मी त्यांना चहा सांगितला. मग महाराजांनी तिचे अंगठे सोडले, गुडघ्याला हात घातला. गुडघा वाकेना. कंबर वाकेना. फळीसारखी कडक. महाराज घामाघूम होऊन मागं सरले.

"बघा," केदारनाथ म्हणाला, "तीच बसत न्हाई. आडवं पुरायचं न्हाई आपल्या भूमीत."

कुणीतरी दबक्या आवाजात गुडघे मोडायची गोष्ट काढली. शिवकन्या आईच्या पायांवर पालथी पडली. "हात लावायचा न्हाई कुणी."

घेतलेला खड्डा त्यांनी बुजवला. दिवस बुडता बुडता आम्ही शिवकांताला माझ्या शेताच्या बांधाला पुरलं, आडवीच. महाराज आले नाहीत, ताराबाईंना कुणी कळवलंच नव्हतं. शिवकन्येनं आईच्या डाव्या हातात लिंग ठेवून मूठ मिटायला घेतली. मूठही मिटेना, तेव्हा पदराची चिंधी फाडून बांधली.

परत येताना तिनं विचारलं, "काका, आईला सरळ कुणी झोपवलं?"

"मी," म्हणालो.

 सकाळच्या गाडीनं ती उमापूरला गेली. आप्पाशेजारी पुढच्या वर्षी केदारनाथच्या चुलत्याला बसवलं.