तिसरा फिल्टर

मेजर कोणाच्याही घरी गेले की दिलेलं पाणी पिण्याआधी विचारत, "गाडीला फिल्टर किती?" घरात गाडी नसली तरी प्रश्न चुकत नसे.

लष्करात ते ट्रक चालवत. निवृत्तीच्या वेळी हुद्दा नायकाचा होता. पण म्हसवडकडच्या त्यांच्या गावात फौजेतून परतलेला प्रत्येक जण मेजरच असतो. पेन्शनीवर आल्यावर त्यांनी जुना ट्रक घेतला, त्यावर पाण्याची टाकी बसवली आणि उन्हाळ्यात जत तालुक्यात टँकरच्या फेऱ्या धरल्या. मी तेव्हा सांगलीच्या एका दैनिकासाठी टंचाईच्या बातम्या करत होतो. तालुक्यातल्या बहुतेक वस्त्या मी पहिल्यांदा पाहिल्या त्या मेजरांच्या केबिनमधून.

ट्रकसोबत आलेल्या मूळ फिल्टरवर त्यांचा विश्वास नव्हता. "कंपनीवाल्यानं जतचा फुफाटा बघितलाय व्हय?" असं ते विचारत. डिझेल ठेकेदाराच्या बॅरलमधून यायचं. बॅरल उघड्यावर पडलेले, आतून गंजलेले. म्हणून मेजरांनी डिझेलची टाकी आणि पंप यांच्यामध्ये एक जादा फिल्टर बसवला होता, डिझेलातलं पाणी वेगळं काढणारा. रोज सकाळी ते त्याच्या तळाचा स्क्रू सैल करत, चार थेंब तळहातावर घेत, बोटाने चोळत आणि हात पॅन्टला पुसत. "पानी मागच्या टाकीत पायजे. डिझेलात न्हाई," एवढं बोलून दिवस सुरू होई.

दुसरी जादा वस्तू स्टिअरिंगशेजारी होती: डिझेलचा दाब दाखवणारं गोल मीटर. फिल्टर तुंबू लागला की दाब कमी होतो, आणि इंजिन बंद पडण्याआधी मीटरचा काटा खाली येतो. मेजर रस्त्यापेक्षा त्या काट्याकडे जास्त पाहत. ही गोष्ट मी एकदा, स्वतःच्या जिवाची काळजी वाटून, त्यांच्या कानावर घातली.

"रस्ता कुटं पळून जातोय, गड्या?" ते म्हणाले. "पळतोय तो दाब."

एका मे महिन्यात चौदा घरांच्या मेंढपाळ वस्तीवर त्यांची फेरी होती. तिथे दोन दिवसांआड टँकर जाई. टँकर भरायच्या विहिरीवर वीज नसल्याने आदली फेरी चुकली होती. पिंपं कोरडी होती आणि मेंढ्यांना दुसरीकडे पाणी नव्हतं. वस्ती दीड किलोमीटरवर राहिली असताना, चढावर, काटा उतरू लागला. मेजरांनी भरलेली गाडी कडेला घेतली आणि चाकांना दगड लावले.

पाचव्या मिनिटाला ठेकेदाराचा फोन आला. आवाज इतका मोठा होता की मलाही ऐकू येत होता. "मेजर, जीपीएसवर गाडी उभी दिसतीया. बंद पडली काय?"

"न्हाई. मी बंद केली. दाब उतरलाय."

"आवं, चालतीया तर ओढा की तशीच!"

"ओढतो. पर पंप गेला तर आठ दिवस वस्तीला पानी तुमी खांद्यावरनं न्हेनार काय?"

ठेकेदाराने फोन ठेवला. मेजरांनी पहिला फिल्टर उघडला. तो तुंबलेला असणार, याची त्यांना खात्री होती. तो स्वच्छ निघाला. दुसराही स्वच्छ. मग ते तिसऱ्याकडे वळले. हा तिसरा त्यांनी आदल्या रविवारीच, बॅरलवरचा राग काढायला, हौसेने बसवला होता. त्याच्या जोडाला जुनाच वॉशर वापरला होता. जोड हवा ओढत होता, म्हणून दाब उतरला होता.

"दोन पुरं हुतं," ते म्हणाले. "लय शानपना केला मी." त्यांनी तिसरा काढून टाकला, पाइप सरळ जोडला आणि इंजिनावरचा छोटा हातपंप मारून आतली हवा काढली. काटा जागेवर आला. पाऊण तास गेला होता.

वस्तीवर घागरींची रांग उन्हात उभी होती. वस्तीतल्या सर्वांत वडीलधाऱ्या आक्का पुढे आल्या. "मेजर, टँकरला बैलं जुपली व्हती व्हय?"

दोष रस्त्यावर ढकलता आला असता. मेजर म्हणाले, "चुकी माझी, आक्का. तिसरा फिल्टर बसवाय गेलो."

"त्यो कशाला?"

"डिझेल गाळाय."

आक्कांनी आपली घागर त्यांच्यापुढे तिरकी केली. तळाला बोटभर गाळ होता, चुकलेल्या फेरीच्या आधी आलेल्या पाण्याचा. "गाडीला तीनदा गाळून पाजतासा. आनि आमाला ह्ये?"

बायका हसल्या. मेजर हसले नाहीत. परतीच्या वाटेवर त्यांनी काट्याकडे एकदाही पाहिलं नाही, याची मी नोंद केली.

पुढच्या फेरीला टँकरच्या पाइपाच्या तोंडाला स्टीलची बारीक जाळी होती आणि तिच्यावर सुती कापडाची चौघडी. प्रत्येक वस्तीवर ते दोन्ही धूत. हंगाम संपताना त्यांनी त्या वस्तीच्या साठवण टाकीलाही तशीच जाळी बसवून दिली. "हिला मीटर न्हाई, आक्का," त्यांनी बजावलं. "रोज डोळ्यानं बघायचं."

आता तिथे नळाचं पाणी आलं आहे; ते त्याच टाकीत पडतं. मेजर गेल्या हिवाळ्यात वारले. तो निरोप सांगायला मी वस्तीवर गेलो.

"कवा?" आक्कांनी विचारलं. मी सांगितलं. त्या काठी टेकत टाकीपाशी गेल्या, जाळी काढली आणि दगडावर घासून धुऊ लागल्या. सकाळीच धुतलेली होती ती. आतून नुसतं पाणी निघालं.